मद्रास पासिंगची गाडी

वडीगोद्रीच्या चौकात लावलेल्या फ्लेक्सवर कडूबांच्या पाठीमागे रणगाडा होता, वर दोन विमानं होती आणि डोक्यावर साहेब लोकांची टोपी होती. चेहरा तेवढा त्यांचा होता, तोही कुणाच्या तरी लग्नातल्या फोटोतून कापून घेतलेला. दहाव्याला जाताना नात शीतलनं रिक्षा थांबवून आजीला तो दाखवला. गोजरबाईंनी डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं.

"ह्यो कोण?"

"आबा हायेत, आज्जी."

"मंग तोंडाला पावडर कोणी लावली?"

रिक्षावाला हसला. मग आपण कुठं चाललोय हे आठवून गप्प झाला.

कडूबा फौजेत ड्रायव्हर होते. रणगाडे त्यांनी पाहिले ते आपल्या गाडीच्या काचेतून, पुढं निघून जाताना. त्यांना बंदूक मिळाली होती आणि ती सीटच्या मागं आडवी ठेवलेली असायची. पीठ, डाळ, गोळे, डिझेल, जखमी माणसं, जे भरतील ते पोचवायचं. एकाहत्तरच्या लढाईत त्यांनी हेच केलं आणि फौजेतून सुटल्यावर एसटीत येऊन पुन्हा हेच केलं, फक्त आता मागं माणसं, कोंबड्या आणि शेवग्याच्या शेंगा असायच्या.

दहाव्याच्या जागी, नदीकाठी भाषणं झाली. आपल्याकडे ती होतातच. एका पुढाऱ्यानं कडूबांनी शत्रूला पाणी पाजलं असं सांगितलं, दुसऱ्यानं त्यांच्या हातून पडलेल्या शत्रूंचा आकडा सांगितला. तिसऱ्यानं तो आकडा वाढवला. शीतलचे वडील साहेबराव मान खाली घालून ऐकत उभे होते. त्यांना ही भाषणं खोटी वाटत होती की हवीशी वाटत होती, हे त्यांच्या तोंडावरून कळत नव्हतं.

घरी बायकांच्या बैठकीत मात्र वेगळंच निघालं. तीर्थपुरीकडून आलेली झुंबरबाई, जिला घरात कुणी ओळखत नव्हतं, दाराशीच बसली आणि म्हणाली, "माझं पयलं बाळंतपण अडलं तवा आमी फाट्यावर उभे व्हतो. स्टॉप न्हाई तिथं, काई न्हाई. माझ्या सासऱ्यानं निस्ता हात वर केला. ह्या बाबानं एसटी उभी केली, मला मागच्या बाकड्यावर झोपवलं अन् सगळ्या गाडीला इचारलं, कोणाला उशीर व्हतोय का? कोणी बोललं न्हाई. मंग थेट दवाखान्यात नेली गाडी."

"पोरगं व्हतं का पोरगी?" गोजरबाईंनी विचारलं.

"पोरगी. तिला आता सून आली."

त्यानंतर एकेकीनं सांगायला सुरुवात केली. शाळेच्या पोरांसाठी थांबवली. टोपलीवालीसाठी थांबवली. पावसात भिजणाऱ्या एका वेड्यासाठी थांबवली आणि तो चढेना, तर खाली उतरून त्याला आपलं पोतं पांघरवून आले. नियमाबाहेर गाडी थांबवली म्हणून कडूबांना वरून मेमो यायचे. ते मेमो ते शांतपणे सही करून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा थांबायचे. शीतल ऐकत होती. जालन्याच्या बियाण्याच्या कंपनीत ओल्या कागदावर उगवलेले कोंब तपासायची तिची नोकरी, आणि दर आठवड्याला ती ह्याच माणसाशेजारी बसून जेवलेली. एसटीतल्या ह्या गोष्टींपैकी एकही तिला माहीत नव्हती.

तिला माहीत होती ती दुसरी गोष्ट. ती साऱ्या गावाला माहीत होती आणि गाव त्या गोष्टीला हसत असे.

पित्तरपाटातल्या शेवटच्या अमावस्येला घरोघर पितरांचं जेवण असतं. मेलेल्या माणसाच्या नावानं एखाद्याला जेवायला सांगायचं, निखाऱ्यावर तूप-घास सोडून आगारी द्यायची, पत्र्यावर कावळ्याला घास ठेवायचा आणि तो जेवायला आलेला माणूस उठला की मग घरानं जेवायचं. कडूबांच्या घरी त्या दिवशी दोन पानं असत. एक त्यांच्या वडिलांच्या नावचं, त्यावर भावकीतलं कुणीतरी बसे. दुसरं फौजेतल्या मद्राशी मुरुगेसनच्या नावचं. त्यावर बसायला माणूस गावात मिळण्यासारखा नव्हता. म्हणून कडूबा सकाळी आंघोळ करून, फौजेतला जुना खाकी सदरा घालून हायवेवर जाऊन उभे राहत आणि मद्रास पासिंगच्या ट्रकला हात करत.

खाकी सदरा पाहून ट्रकवाले थांबत. कागदांची पिशवी हातात घेऊनच खाली उतरत. "साब, कागज सब बराबर है."

"कागज रहने दो," कडूबा म्हणत. "खाना खाव."

काही जण घाबरून पळत. काहींना वाटे, ही लाच मागायची नवीन तऱ्हा आहे, आणि ते नोट पुढं करत. एक जण तर जेवला, हात धुतला आणि जाताना हळूच विचारून गेला, "साब, गाडी छोड़ेगा ना?" गावानं ह्या पाहुण्याचं नाव मद्राशी पित्तर ठेवलं होतं. दुपार कलू लागली की पारावरून कुणीतरी हाक मारायचं, "साहेबराव, आला का तुमचा मद्राशी, का अजून उपाशी?"

कारण तो जेवल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही. साहेबरावांचं लहानपणाचं पित्तरपाट म्हणजे कढी-वड्यांचा वास, खिरीवर झाकलेलं ताट आणि हायवेवरून न येणारा बाप. एकदा त्यांच्या बहिणीच्या सासरची माणसं जेवायला आली होती. ती चार वाजेपर्यंत बसली आणि उपाशीच उठून गेली, ते त्यांनी पुढं जन्मभर बोलून दाखवलं. साहेबरावांना ह्या गोष्टीचा राग होता आणि तो राग खोटा नव्हता.

त्या दुसऱ्या पानासाठी कडूबा स्वतः चिंचेचा भात करत. फौजेच्या लंगरमध्ये, भटारखान्याच्या चुलीवर मुरुगेसननं शिकवलेला. चिंचेचा कोळ, मिरी, सुकी मिरची, कढीपत्ता, भरपूर तेल. घरात तो कुणाला आवडत नसे. शीतलची आई सुरेखा भांडी घासताना म्हणायची, "मामंजी, ह्या भातानं पितळ लखलखीत निघतं."

मुरुगेसन कोण, हे शीतलनं कॉलेजात असताना विचारलं होतं. मोसंबीच्या बागेत आळी करताना कडूबांनी हातातलं खोरं न थांबवता सांगितलं.

"माझ्या पुढं त्याची गाडी व्हती. पहाटंचं धुकं. रस्ता बांधावाणी उंच, दोन्हीकडं तळी. दिवे लावायचे न्हाईत. पुढच्या गाडीच्या मागं पांढरा ठिपका असतो, त्याच्याकडं पाहून चालवायचं. तो ठिपका एकदम वर गेला."

"सुरुंग?"

"व्हय. मागं आमच्या बारा गाड्या. पुढं पलटण गोळ्याची वाट पाहून राह्यली. हुकूम असा की काई झालं तरी गाडी थांबवायची न्हाई. मी बाजूनं काढली."

"अन् मंग?"

"मंग पोचलो. गोळे पोचले. दुसऱ्या दिवशी वापस आलो तर रस्ता साफ व्हता." त्यांनी आळ्याची कड खोऱ्यानं थोपटली. "त्याचं गाव मला म्हाईत न्हाई. म्हाईत असतं तर एकदा जाऊन आलो असतो. आता पासिंगवर भागवून राह्यलो."

एवढंच. त्यात रडणं नव्हतं, पश्चात्तापाचा आवाज नव्हता. हुकूम बरोबर होता, हे त्यांना मान्य होतं. पण बरोबर असलेल्या गोष्टीचंही काहीतरी देणं लागतं, असं बहुधा त्यांना वाटत असावं, आणि ते त्यांनी दुसऱ्या कुणावर न टाकता सालोसाल स्वतः दिलं होतं. हायवे चौपदरी झाला, मध्ये दुभाजक आला, गाड्या वाऱ्यासारख्या जाऊ लागल्या, तेव्हा ते पंक्चरवाल्या बबलूच्या दुकानासमोर जाऊन उभे राहू लागले, कारण तिथं गाड्या सावकाश होतात. गुडघे गेले तेव्हा त्याच दुकानातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून हात करू लागले. चैत्रात ते गेले. जाताना कुणाला काही सांगून गेले नाहीत. सांगितलं असतं तर नाही म्हणता आलं असतं, असं शीतलला पुढं कितीदा वाटलं. न सांगितलेल्या गोष्टीला नाही कसं म्हणायचं?

भाद्रपद आला. अमावस्येच्या आधीच्या रविवारी ती घरी आली आणि जेवताना म्हणाली, "दादा, मद्राशी पित्तराचं काय करायचं?"

साहेबरावांनी घास खाली ठेवला. ओसरीवर साहेबरावांचे चुलतभाऊ कचरू बसले होते. भावकीत कुणाचं काय कधी करायचं, हे कचरूंना विचारूनच होई. फ्लेक्सही त्यांनीच लावला होता आणि चौकाला कडूबांचं नाव द्यावं म्हणून ग्रामपंचायतीत तेच खेपा घालत होते.

"काई करायचं न्हाई," कचरू आतल्या दिशेनं म्हणाले. "वर्षश्राद्ध झाल्याबिगर घरात पित्तर घालता येत न्हाई. कोणाचंच न्हाई. औंदा ह्या घराला पित्तरपाटच न्हाई."

"पण काका, ह्याच साली त्याला उपाशी ठेवायचं?"

"कोणाला?"

मुरुगेसन हे नाव त्या ओसरीवर उच्चारलं की हास्यास्पद वाटे.

"शीतल," साहेबराव म्हणाले, "आबाचं आबासोबत गेलं. मी काई त्या रस्त्यावर उभा राहणार न्हाई. लहानपणापून लई वाट पाह्यली." मग जरा थांबून, आवाज खाली आणून, "अन् तू तर बिलकुल न्हाई. पोरीनं हायवेवर ट्रकला हात करायचा? लोक काय म्हणतील, सांगू का तुला?"

आत चुलीजवळ गोजरबाई लसूण सोलत बसल्या होत्या. जन्मभर त्या ह्या मद्राशाच्या नावानं बोटं मोडत आल्या होत्या. त्यांच्याकडून शीतलला काही आशा नव्हती.

"कचरू," त्यांनी आतूनच हाक मारली. "तो मद्राशी आपल्या भावकीत कवा आल्ता?"

"भावकीत कसा येईल, काकू?"

"मंग आपलं वरीस त्याला काहून धरून राह्यला? आपल्या घरात माणूस मेलं, त्याच्या न्हाई."

कचरू हसले. "काकू, जेवणारा भाईरचा असला तरी घालणारा तर घरचा हाय का न्हाई? नेम घालणाऱ्याला असतो."

"बराबर. घरच्यानं न्हाई घालायचं."

"हां. तेच म्हणून राह्यलो."

"मंग शीतल घालंल." गोजरबाईंनी लसणाची पाकळी नखानं फोडली. "वावराच्या वाटणीला बसले तवा तूच म्हणला व्हता ना, पोरगी परक्याच्या घरची, तिचं नाव कशाला? वावराला घरची न्हाई तर नेमाला कशी घरची झाली रे?"

साहेबराव ताटाकडे पाहत राहिले. ती वाटणी त्यांनीच मान्य केली होती. कचरूंनी चपला शोधल्या, एक सापडली, दुसरी सापडायला वेळ लागला.

"तुमाला काय करायचं ते करा," ते म्हणाले. "घरात चूल पेटवू नका म्हंजे झालं."

अमावस्येला घरात चूल पेटली नाही. पंक्चरच्या दुकानामागं बबलूनं गॅसची छोटी शेगडी काढून दिली. "आबा मला म्हणायचे, बबल्या, तुझ्या दुकानात हवा फुकट अन् पित्तर पण फुकट," त्यानं सांगितलं आणि एक टायर उलटा करून त्यावर म्हातारीला बसवलं. गोजरबाईंनी भात केला, कोळ काढला, मिरी कुटली. इतकी वर्षं नवऱ्याच्या हाताकडे नाक मुरडून बघितलं होतं, पण बघितलं होतं.

शीतल रस्त्याच्या कडेला उभी राहिली. अंगावर साधा सलवार-कुर्ता. खाकी सदरा घालायचं तिच्या मनात आलं होतं, मग तो नाटकासारखा वाटला. पहिली मद्रास पासिंगची गाडी आली तेव्हा तिचा हात वर गेलाच नाही, खांद्यापाशीच अडकला. दुसरीला गेला. गाडी हॉर्न देत निघून गेली. मोटारसायकलवरची दोन पोरं वेग कमी करून म्हणाली, "कुठं सोडायचं, मॅडम?" बबलूनं आतून पाना उगारला तशी ती गेली.

ऊन चढलं. गाड्या येत होत्या. गुजरात, राजस्थान, कर्नाटक, आपल्याच एमएच एकवीस. मधूनच एखादी टीएन, मद्रासकडची. तिला दुरूनच नंबर ओळखू येऊ लागले. हात उंच करण्याची सवय झाली. चालकांचे चेहरे क्षणभर दिसत: कुतूहल, संशय, कधी काहीच नाही. माणसासमोरून माणूस किती सहज पुढं जातो, हे तिनं पूर्वी कधी असं उभं राहून पाहिलं नव्हतं. आणि एक म्हातारा माणूस गुडघे दुखत असताना दर साली हे बघत बसायचा, तरी संध्याकाळी घरी येऊन जगाबद्दल एक वाईट शब्द बोलायचा नाही.

"बस जरा," गोजरबाई म्हणाल्या. "पाणी पी. उपास पाण्याचा न्हाई."

"न्हाई थांबला कोणी तर, आज्जी?"

"तर न्हाई थांबला. एकदा दिवस मावळेस्तोवर न्हाई आला कोणी. मंग तुझा आबा तसाच ताट धरून उभा राह्यला आन् शेवटाला गाईला घातलं. रातभर बोलला न्हाई माझ्याशी. म्या काय ट्रक आडवला व्हता का?"

दुपारनंतर साहेबराव आले. मोटारसायकल लावली, दुकानातल्या बाकड्यावर बसले आणि बबलूला उगाच मागच्या टायरमधली हवा बघायला सांगितली. हवा बरोबर होती. ते तरीही बसून राहिले.

सावल्या लांबल्या तेव्हा एक टीएन गाडी हात पाहून पुढं गेली आणि बऱ्याच अंतरावर, दिवे लुकलुकवत, कडेला थांबली. लुंगीतला एक सावळा, हडकुळा चालक मागं पळत आला. कपाळावर भस्माच्या पुसट रेषा.

"क्या हुआ? टायर? आग?"

"न्हाई, नहीं," शीतल म्हणाली, आणि दिवसभर मनात घोकलेलं हिंदी तिच्या तोंडून उलटसुलट बाहेर पडलं. "कुछ नहीं हुआ. खाना खाना है. आपको. हमारे आबा फौज में ड्रायव्हर थे. उनका दोस्त, आपके तरफ का, लढाई में गया. मुरुगेसन. उसके नाम से हर साल... आज के दिन."

चालक तिच्याकडे, मग टायरवर बसलेल्या म्हातारीकडे, मग झाकलेल्या पातेल्याकडे पाहत राहिला.

"आज अमावासै," तो हळू म्हणाला.

"हां. अमावस्या."

"हमारे में भी आज. अप्पा को देना. मेरा अप्पा दो साल हुआ." त्यानं रस्त्याकडे हात केला. "मैं गाड़ी में. घर में कोई लड़का नहीं. सुबह से खाया नहीं, दिया भी नहीं. कहाँ देगा?"

गोजरबाईंना हिंदी फारसं येत नव्हतं, पण त्यांना सगळं समजलं होतं. त्यांनी केळीचं पान पुढं केलं.

चालकानं बबलूच्या नळावर हातपाय धुतले. पानावरचा थोडा भात उचलून दुकानाच्या पत्र्यावर ठेवला आणि ओठांत काहीतरी पुटपुटला. तो बापाचा. दुसरा घास ठेवताना त्यानं मोठ्यानं म्हटलं, "मुरुगेसन." त्या नावाचा उच्चार तिथल्या कुणी आजवर इतका गोल, इतका घरचा ऐकला नव्हता. मग तिसरा घास हातात घेऊन तो शीतलकडे वळला.

"दादाजी का?"

"उनका अभी साल नहीं हुआ," शीतल म्हणाली. "हमको चलता नहीं."

"हमारे में भी घर का आदमी नहीं देता," तो म्हणाला. "मैं घर का नहीं. नाम बोलो."

शीतलनं तोंड उघडलं, पण आवाज बाकड्यावरून आला.

"कडूबा," साहेबराव म्हणाले. ते उठून उभे राहिले होते. "कडूबा बिन सखाराम. मुक्काम वडीगोद्री."

चालकानं ते जसंच्या तसं म्हणायचा प्रयत्न केला. 'ड'पाशी अडखळला. साहेबरावांनी जवळ जाऊन पुन्हा सावकाश सांगितलं. दुसऱ्यांदा त्यानं बरोबर म्हटलं आणि घास पत्र्यावर ठेवला. गोजरबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि तसाच राहू दिला.

मग तो मांडी घालून जेवायला बसला. पहिला घास खाल्ला, थांबला, पानाकडे पाहिलं.

"अच्छा नहीं?" शीतलनं घाबरून विचारलं.

"अच्छा," तो भिडस्तपणे म्हणाला. भूक लागलेली होती, त्यानं आणखी दोन घास घेतले. मग राहवेना तसं म्हणाला, "थोड़ा गुड़ डालना. इसमें गुड़ होता है. और तिल."

शीतलनं आजीला ते मराठीत सांगितलं. गोजरबाई आ वासून त्याच्याकडे पाहत राहिल्या.

"इतकी वरसं," त्या म्हणाल्या, "इतके मेले जेवून गेले, एकानं सांगितलं न्हाई."

चालकानं पान पुसून खाल्लं आणि दुसऱ्यांदा भात मागितला. साहेबराव त्याच्या समोर उकिडवे बसले. वाढायचा डाव त्यांनी शीतलच्या हातातून घेतला होता.

"तिल," त्यांनी विचारलं, "भून के डालना, की कच्चा?"

"भून के," तोंडात घास असतानाच तो म्हणाला. "भून के, कूट के. आखिर में."